अर्धी टाकी

मोजमाप आधी माझं घेतलं अँगसने,
करवतीचं नंतर.
"झेली, ही पिशवी उचल. पाच किलो खिळे आहेत.
आता खांद्याच्या वर ने. दुखलं?
मग लक्षात ठेव, करवतही तिथवर न्यायची नाही."

दुकानात वीज नव्हती, चौथा दिवस.
काउंटरवर कंदील, हिशेबाला पेन्सिल.
वादळाने आमच्या बेटावरचे निम्मे स्प्रूस
मुळांसकट उलटे करून ठेवले होते,
घाईत कुणी कपाट उपसावं तसे.
माझ्या दारापासून रस्त्यापर्यंत आडवे अकरा.
शाळेची बस चालवते मी, मोजायची सवय आहे:
चढले किती, उतरले किती.

सोबत एल्फेजची करवत नेली होती.
वीस इंची पट्टी, नारिंगी रंग उडालेला,
दोरी ओढली की ती जागची हलायची नाही,
माझा खांदा हलायचा.
"दुरुस्त होईल का ही?" विचारलं.
विचारायचं होतं, विकली तर बरं दिसेल का.

अँगसने वायरवाली आधीच बाजूला सारली.
"वीज असते तेव्हा झाडं पडत नाहीत.
झाडं पडतात तेव्हा वीज नसते."
बॅटरीवाली हातात दिली. हलकी, गुणी, कुणाची झोप न मोडणारी.
"फांद्यांना उत्तम. चार खोडं झाली की
चार्जर मागेल. कुठून देशील?"
एक स्वस्तातली होती, खोक्यावर सुंदर चित्र.
"हिचा सुटा भाग बोटीने येतो,
कुठल्या बंदरातून, ते कंपनीलाही ठाऊक नाही."
भिंतीवरची, उंचावरची, तिच्याकडे मी पाहिलं
आणि त्याने मान हलवली.
"ती रोज कापणाऱ्यांची. तू वर्षातून सहा दिवस कापणार."

उरली मधली. पेट्रोलची, चौदा इंच,
चारचौघींत नजरेत न भरणारी.
"साखळी, प्लग, फिल्टर, सगळं माझ्या खणात आहे.
माझ्यानंतर पुतणीच्या खणात असेल."
दोनदा दोरी ओढली. तिसऱ्यांदा ती बोलली.
किंमत ऐकून मी गप्प, तेवढ्यात त्याने शेजारी मांडली
जाड पँट, हेल्मेट, कानस, तेलाची बाटली.
"किंमत ही सगळी मिळून.
करवत म्हणजे त्यातला फक्त आवाज."

मग एल्फेजची उघडली, उगाच, नजर टाकावी म्हणून.
टाकीचं झाकण फिरवलं, वास घेतला.
दोन वर्षांचं पेट्रोल, जुन्या वार्निशसारखं,
कार्बोरेटरात चिकटून बसलेलं.
"टाकी रिकामी केल्याशिवाय एल्फेज
करवत ठेवायचा नाही. कधीच ना–"
आणि थांबला.
मीही.
नोव्हेंबर होता. अंगणात अर्धा बर्च कापायचा राहिला होता,
उरलेला तो सकाळी कापणार होता.
उद्या पुन्हा हात लावायचाच असेल
तर कोण टाकी उपसतं?

जुनीचे त्याने साठ डॉलर धरले.
इतके का, ते मी विचारलं नाही.

अकरांना अडीच दिवस लागले.
पहिल्याच खोडात पट्टी अडकली;
भार कुठे झुकलाय ते न बघता घातली होती.
पाचर ठोकून सोडवली, शिव्या देत, फ्रेंचमधल्या,
ज्या आईने फक्त गायींसाठी राखून ठेवल्या होत्या.
सातव्यानंतर भुशाऐवजी पीठ उडू लागलं,
म्हणजे साखळी बोथट.
खोडावरच बसले, एकेका दाताला कानस लावली.
अकरावा तुटला तेव्हा रस्ता दिसला,
रस्त्यापलीकडे मार्सेलीन लॅन्ड्रीचं घर,
दारावर आडवा पडलेला मेपल
आणि खिडकीत हलणारा तिचा हात.
तोवर अंधारून आलं होतं.

शेडमध्ये करवत पुसली, साखळीला तेल दिलं.
टाकीचं झाकण उघडलं, खाली डबा धरला,
अँगसने बजावलं होतं तसं.
टाकी अर्धी भरलेली होती.
डबा बाजूला ठेवला.
झाकण घट्ट फिरवलं.